सगळं खाली जातं

डोंगरावरच्या घरात हातातून सुटलेली वस्तू नुसती पडत नाही, ती निघून जाते. बादलीचं झाकण, वाळत घातलेली टोपी, कुत्र्याचा चेंडू, एखादं अंडं आणि क्वचित कधी भरलेली ढकलगाडीसुद्धा. अंगण संपलं की पायऱ्या, पायऱ्यांखाली गोठा, गोठ्याखाली उकिरडा, उकिरड्याखाली भाजीचे वाफे आणि तिथून ओढ्यापर्यंत मोकळा उतार. निसटलेली वस्तू याच क्रमाने प्रवास करते आणि ती कुठे थांबली असेल याचा आता बऱ्यापैकी अंदाज येतो. टोप्या वाफ्यांत सापडतात. झाकणं ओढ्यात.

जनावरं पाळली की काम आलंच, ते कुठेही येतं. सपाटीवरच्या माणसालाही धार दोन वेळा काढावी लागते आणि खुराड्याचं दार रोज लावावं लागतं. इथे मात्र प्रत्येक कामातला थोडा हिस्सा उताराला द्यावा लागतो. पाणी, शेण, माती, गवत, थंड हवा, सगळ्यांची ओढ खाली. त्यातलं आपल्याला हवं ते वाटेत अडवायचं, नाहीतर पाठीवर घेऊन परत वर आणायचं, यातच दिवसाचा मोठा भाग जातो. बघणाऱ्याला हे काम वाटत नाही. पाहुण्यांना दरी दिसते, ढग दिसतात, उड्या मारणारी करडं दिसतात. मी गोठ्यात गेले, वर आले, परत खाली गेले, परत वर आले, यात नेमकं केलं काय हे त्यांना सांगता येणार नाही. कधीकधी मलाही येत नाही.

एक दुभती गाय, तिची कालवड, काही शेळ्या, थोड्या मेंढ्या, कोंबड्या, कुत्रा, आणि एक मांजर जे स्वतःला या यादीत धरत नाही, असा आमचा पसारा आहे. मोठा म्हणावा असा नाही. पण दिवस भरायला पुरून उरतो.

पाण्याचं आधी सांगते. दूध देणाऱ्या गाईला दिवसाला ५०-६० लिटर पाणी सहज लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. त्यात नवल नाही, दुधातच सुमारे ८७ टक्के पाणी असतं, ते कुठून तरी यायला हवं. बाकीच्या जनावरांचं, भांड्याकुंड्यांचं, चरव्या धुण्याचं वेगळं. आणि झरा घराच्या खाली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेलं लोक विसरतात. ज्याने कळशा वर आणल्या आहेत तो विसरत नाही.

सध्या हे ओझं बरंचसं एक यंत्र उचलतं, आणि घरातल्या सगळ्या यंत्रांमध्ये माझा जीव त्याच्यावरच आहे. ओढ्याच्या कडेला हायड्रॉलिक रॅम, म्हणजे पाण्याच्याच धक्क्यावर चालणारा पंप, बसवलेला आहे. त्याला वीज लागत नाही, डिझेल लागत नाही. भावाच्या जोडीने गरम हवेचा फुगा आकाशात पाठवणाऱ्या जोसेफ माँगोल्फिएने १७९६ साली तो शोधून काढला. म्हणजे एकाच माणसाने हवाही वर चढवली आणि पाणीही. रॅमचं काम असं चालतं: वरच्या बाजूने नळीतून पाणी धावत खाली येतं आणि एका उघड्या झडपेतून बाहेर पडत राहतं. वेग पुरेसा वाढला की ती झडप खाड्कन मिटते. धावतं पाणी एकदम अडलं की त्याचा दाब उसळतो आणि त्या धक्क्याने थोडं पाणी दुसऱ्या झडपेतून टाकीकडे जाणाऱ्या नळीत शिरतं. दाब उतरतो, पहिली झडप पुन्हा उघडते, पुन्हा सगळं पहिल्यापासून. आलेल्या पाण्यातलं बहुतेक सगळं ओढ्यालाच परत जातं. वर चढतो तो छोटासा वाटा. पण रात्रंदिवस चढत राहतो. खाली जाण्याच्या ओढीवरच वर नेणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

त्याचा आवाज घरापर्यंत येतो, टक्, टक्, टक्. चालू असताना तो कुणाला ऐकू येत नाही. बंद पडला की जेवता जेवता सगळ्यांच्या माना एकदम वर होतात. बहुतेक वेळा जाळीत पानं अडकलेली असतात. मग कुणीतरी खाली जायचं. कुणी जायचं यावर थोडा वेळ कुणीच काही बोलत नाही, आणि मग ज्याचं ताट आधी संपतं तो जातो. त्यामुळे आमच्याकडे हल्ली सगळेच सावकाश जेवतात. थंडीत नळी गोठू नये म्हणून टाकीचा नळ रात्रभर बारीक चालू ठेवावा लागतो. वाहतं पाणी गोठायला वेळ लावतं. आता एवढ्या मेहनतीने वर आणलेलं पाणी स्वतःच्या हाताने खाली सोडताना जिवावर येतं, पण फुटलेली नळी त्याहून जिवावर येते.

धार काढण्यात घाई चालत नाही. याला कारण शुद्ध शरीरशास्त्राचं आहे. कास धुतली, सडांना ओळखीचा हात लागला, की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, ते रक्तातून कासेत पोचतं आणि तिथल्या पेशी आवळल्या जाऊन दूध उतरतं. याला मिनिटभर जातं आणि त्याचा जोर काही मिनिटंच टिकतो. तेवढ्या वेळात धार उरकायची. दरम्यान बादली आपटली, कुत्रा भुंकत आत आला, किंवा काढणारा माणूसच कुठल्या चिडचिडीत येऊन बसला, की अ‍ॅड्रेनॅलिन आडवं येतं आणि गाय पान्हा चोरते. ज्या सकाळी मला सगळ्यात जास्त कामं असतात त्याच सकाळी तिच्याजवळ सगळ्यात निवांत बसावं लागतं. निवांत असल्याचं नाटक तिला चालत नाही. ते माणसांसाठी ठेवायचं.

पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत घेते आणि उजेडात बघते. गुठळ्या किंवा पाण्यासारखं काही दिसलं तर कास दगडी व्हायला, म्हणजे आतून सुजायला, लागली आहे असं समजायचं. मग भरलेली चरवी घेऊन पायऱ्या चढायच्या आणि दूध लवकरात लवकर थंड करायचं. गंमत अशी की गोठ्याची जमीन आम्ही मुद्दाम उतरती ठेवली आहे, अगदी थोडी, मूत्र वाहून जाण्यापुरती. डोंगर खणून, दगड लावून, जिवापाड कष्टाने सपाट केलेली जागा, आणि तिला शेवटी परत उतार दिला.

शेळ्यांना उताराचं काहीच वाटत नाही. शेळी माणसाळली तीच मुळी डोंगरात. इराणच्या झाग्रोस पर्वतात सुमारे १०,००० वर्षांपूर्वी शेळ्या पाळल्याच्या खुणा सापडतात. त्यांच्या खुराची कड टणक आणि मधला भाग मऊ, त्यामुळे कड दगडाच्या कंगोऱ्यावर रुतते आणि मऊ भाग पकड धरतो. दगडांवर फिरून ती कड आपोआप झिजते, पण गोठ्यातल्या मऊ गवतावर उभं राहून झिजत नाही, म्हणून दीड-दोन महिन्यांनी खूर तासावे लागतात. शेळीला पकडणं हे यातलं खरं काम. तासणं त्यामानाने किरकोळ.

त्यांच्या डोळ्यांबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. शेळीची बाहुली आडवी असते, लांबट फटीसारखी, त्यामुळे तिला दोन्ही बाजूंचं खूप दूरपर्यंतचं एकदम दिसतं. मग चरायला मान खाली घातली की ही फट उभी व्हायला हवी. ती होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की मान जशी खाली जाते तसे डोळे खोबणीत फिरतात, पन्नासहून अधिक अंशांतून, आणि बाहुली जमिनीला समांतरच राहते. मी हे वाचल्यापासून शेळ्यांकडे फार वेळ बघत बसते. त्यांनाही आता त्याची सवय झाली आहे.

खूर तासायच्या दिवशीच पापण्याही बघते. खालची पापणी अंगठ्याने हलकी ओढून आतला रंग तपासायचा: लालभडक असेल तर ठीक, फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवायचं, पांढरट असेल तर पोटातले जंत रक्त पीत आहेत. फामाचा नावाची ही पद्धत दक्षिण आफ्रिकेत तयार झाली. तिचा रंगांचा तक्ता मिळतो. जिची पापणी फिकट तिलाच औषध. सगळ्यांना सरसकट पाजत राहिलं तर जंत औषधाला बधेनासे होतात. झुडपांवर जगणाऱ्या शेळीला मुळात हा त्रास कमी, कारण जंतांची पिल्लं गवताच्या बुडख्याच्या चार बोटांत असतात आणि शेळी मनाने झाडाचा शेंडा खाणारी आहे. ती जमिनीवरचं खाते ते नाइलाजाने. माझ्या गुलाबांबाबत हा नियम तिने शेंड्यापासून सुरू करून बुडख्यापर्यंत पाळलेला आहे.

शेळी गाभण राहिल्यापासून सुमारे १५० दिवसांनी विते, म्हणून बोकड सोडला की भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढचं पान उलटून खूण करायची. जन्मलेलं करडू ओलंचिंब आणि निसरडं असतं, आणि ते उभं राहायची धडपड लगेच सुरू करतं. उघड्या उतारावर विणारी शेळी अजून तरी आम्ही पाहिलेली नाही, पण तो धोका कुणी पत्करत नाही; दिवस भरत आले की तिला सपाट खणात आणतो. पहिल्या काही तासांत चीक पोटात जाणं सगळ्यात महत्त्वाचं. आईकडची रोगप्रतिकारक द्रव्यं करडाच्या आतड्यातून थेट रक्तात जातात ती पहिल्या दिवसापुरती, आणि तास उलटतील तशी ती वाट मिटत जाते. अशा दिवशी बाकीचं वेळापत्रक कुठे जातं ते विचारू नये.

कोंबड्यांचं फारसं सांगण्यासारखं नाही. त्या स्वतःचं बघतात. अंधार पडायला लागला की न बोलावता आत येतात, मी जाऊन दार लावते. दिवस १४ तासांच्या आसपास असेल तर नीट अंडी देतात, हिवाळ्यात हात आखडतात. कड्यामागून सूर्य उशिरा वर येतो आणि समोरच्या डोंगरामागे लवकर जातो, त्यामुळे आमचं ऊन आखूड असतं. कोंबड्यांना मात्र उन्हाची गरज नसते, नुसत्या उजेडाची असते. खुडूक बसलेली एखादी असते आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

गवताचं प्रकरण वाऱ्यावर अवलंबून. डोंगरात वाऱ्याला रोजची पाळी असते: दिवसा उतार तापतो, त्याच्या अंगाची हवा हलकी होऊन वर चढते, ढग जमतात, रात्री उतार निवतो आणि गार, जड हवा पाण्यासारखी खाली वाहते. म्हणून सकाळ कोरी असते आणि दुपार बेभरवशाची. दव उठलं की गवत कापायचं, पसरायचं, उलटायचं, आणि समोरचं शिखर ढगात गेलं की जे हातात असेल ते टाकून पळायचं. पूर्ण न वाळलेलं गवत रचलं तर ते आतून तापतं. ओल जास्त असली तर काही आठवड्यांनी गंजी आपोआप पेटूही शकते. रचल्यानंतर बरेच दिवस मी गंजीत हात खुपसून बघते. कोमट लागलं की झोप उडते. एवढं मात्र खरं, की गवताचं रान घराच्या वर आहे. वर्षातलं हे एकच मोठं ओझं असं, की जे ताडपत्रीवर घालून नुसतं सोडून द्यायचं असतं. त्या दिवशी सगळे खूश असतात.

रात्रीच्या त्या गार हवेमुळेच गोठा खोलगटात बांधलेला नाही. खालच्या खळग्यात थंडी साठते. उतारावर, थोड्या उंचीवर ऊब जास्त राहते. गाईची जागा आमच्याआधी ठरली. मग तिच्या मागच्या बाजूला उरलेल्यात आम्ही घर बसवलं.

आता शेण आणि माती. शेण गोठ्यातून उकिरड्यावर ओढायला कष्ट नाहीत, उतार आहे. नीट रचलेला उकिरडा आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो, तणाचं बी त्यात मरतं, आणि तयार खत खालच्या वाफ्यांत ओढायलाही उतार आहेच. पण इथे हिशोब संपत नाही. पाऊस पडला की वाफ्यातली माती वरच्या टोकाकडून खालच्या टोकाकडे सरकते. दगडी बांध तिला अडवतात म्हणून ती ओढ्यात जात नाही, पण बांधाशी साचते, आणि वरच्या टोकाला खडक उघडा पडू लागतो. मग लागवडीआधी खालची माती खणून, टोपल्यांत भरून, वरच्या टोकाला न्यायची. आल्प्सच्या तीव्र उतारांवरचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. बिनचुन्याचे असे दगडी बांध घालण्याची कला २०१८ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, त्यासाठी युरोपातल्या आठ देशांनी मिळून अर्ज केला होता. बांध यादीत गेला याचा मला आनंद आहे. टोपली अजून गेलेली नाही.

वर्षभरातल्या सगळ्या कामांत हे काम मला सर्वांत नकोसं वाटतं, कारण त्यातून नवीन काहीच होत नाही. तीच माती, तोच वाफा. मागच्या वर्षी जिथे होती तिथे परत. त्या दोन-तीन दिवसांत आमच्यात फारसा संवाद होत नाही.

आणि याच कामात आम्हाला मदत मिळाली ती मेंढ्यांकडून, जिथून अजिबात अपेक्षा नव्हती. मेंढी हे घरातलं सगळ्यात कमी प्रतिष्ठेचं जनावर. एक जिथे जाते तिथे सगळ्या जातात, आणि पहिली कुठे चालली आहे हे तिलाही माहीत नसतं. पण मेंढ्यांना एक खोड असते: दिवसभर खाली, जिथे गवत चांगलं तिथे चरायचं आणि रात्र काढायला उंचावर जायचं. चरलेलं पोटात, पोटातलं रात्रभर वरच्या जागेवर. म्हणजे खालच्या कुरणाचं सत्त्व रोज संध्याकाळी आपल्या पायांनी डोंगर चढतं. मोठ्या कुरणांच्या मालकांना ही कटकट वाटते, कारण त्यांच्याकडे माथ्यावर खताचा ढीग होतो आणि खालची जमीन उपाशी राहते. आम्हाला तर हेच हवं होतं. गवताच्या रानाच्या वरच्या कडेला कुंपण घालून त्यांची रात्रीची जागा केली, कुत्रा त्यांच्यासोबत झोपतो. तिथलं खत पावसाबरोबर हळूहळू रानात झिरपत येतं. टोपलीने जे आम्ही वाकून वाकून करतो ते त्या रवंथ करत करतात.

त्यांचं लाडाने काही करावं तर तेही बेताने. शेळ्यांच्या खनिज मिश्रणात तांबं असतं, त्यांना ते लागतं. मेंढीच्या यकृतात तेच तांबं साठत जातं आणि एक दिवस तिला मारतं. म्हणून दोघींची भांडी वेगळी, चाटण वेगळं, आणि मध्ये कुंपण, ज्यावरून शेळ्या उडी मारतात.

संध्याकाळी शेवटची फेरी डोकी मोजायची असते, पण मी आधी पाय बघते. लोकर वाढलेली किंवा गाभण मेंढी खळग्यात लोळता लोळता उताणी झाली तर तिला उठता येत नाही. पोटातला वायू बाहेर पडत नाही, पोट फुगत जातं आणि ती काही तासांत मरू शकते. त्यामुळे चार पाय आभाळाकडे दिसले की धावायचं, लोकर धरून तिला पालथं करायचं आणि तिचा तोल येईपर्यंत थोडा वेळ धरून उभं राहायचं. ती आभार मानत नाही. गाय याबाबतीत शहाणी, उतारावर बसताना तोंड चढाकडे करून बसते आणि दिवसातले सात-आठ तास रवंथ करते. एवढ्या कामाच्या घरात एवढं निवांत फक्त तीच असते, आणि सगळ्यात जास्त उत्पन्नही तिचंच.

गावाला जायचं म्हटलं की हे सगळं कुणाच्या तरी हाती द्यावं लागतं. माझी आत्येबहीण यायला तयार झाली. मी तिच्यासाठी सगळं लिहून ठेवलं: धारेची वेळ, कुणाचं कुठलं भांडं, पापण्या, पाय, दार, पंपाची जाळी, गंजीत हात घालून बघणं. लिहिता लिहिता कागदाच्या मागची बाजूही भरली आणि मग समासातही लिहिलं.

तिने ते शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, “ताई, ही यादी आहे की मृत्युपत्र?”

“तुला जमेल.”

“जमेल गं. पण ती ठिपक्यांची शेळी माझ्याकडे अशी का बघते?”

“ती सगळीकडेच बघत असते. तिचे डोळे तसे असतात.”

“मग तिला सांग, थोडं सगळीकडे बघ म्हणावं.”

आम्ही परतलो तेव्हा ती निघायच्या तयारीत होती. सगळी जनावरं जागच्या जागी, दूध गार, पंप चालू. माझ्याच कागदाच्या उरलेल्या कोपऱ्यात तिने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: जाळी साफ केली. कालवड दावं चावते, दुसरं लावलंय. खुडूक कोंबडी बोचकारते, तिचं नाव यादीत नव्हतं. टोपी वाफ्यात सापडली नाही. वाफ्यातली माती निम्मी वर नेली आहे, उरलेली तुमची.